दोन न्यूटन-मीटर आणि आमचे हे

बिबवेवाडी, पुणे
मंगळवार सकाळ (भाजी चिरायची आहे, तरी आधी लिहायला बसले)

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या रतनचा वाकून नमस्कार. (वाकता येतं अजून. उठताना मात्र कॉटचा कठडा लागतो.) तुझा गुडघा काय म्हणतो? त्या तेलाचा काही गुण आला, की नुसताच घरभर वास? दाजींना आम्हा दोघांचा नमस्कार सांग. त्यांनी हौसेने आणलेली म्हैस अजून शेजाऱ्यांच्याच गोठ्यात जाऊन बसते का? तुमच्या लोणी गावात हवा कशी आहे ते कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे काय, तर माझी दुर्बीण चेपली, हे तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत, आणि कसब्यातल्या एका दुकानात चारचौघांनी मला पाच मिनिटं खुनी समजलं. बाकी सगळं ठीक.

आता तू विचारशील, दुर्बीण कसली. तर अक्का, बसून वाच: मी गेल्या दिवाळीपासून रायफल चालवते. घाबरू नकोस. हवेच्या दाबावर चालणारी छऱ्याची रायफल आहे आणि आजवर कागदाखेरीज कोणालाही इजा झालेली नाही. झालं असं की आपल्या स्वरालीला तिच्या आईने नेमबाजीच्या क्लबात घातलं आणि तिला आणायला-सोडायला नेमली आजी. स्वराली चार दिवस गेली, पाचव्या दिवशी म्हणाली, कंटाळा आला, मला कथक शिकायचंय. मी मात्र बाकावर बसून रुळले होते. तिथले प्रज्ञेश सर (सर कसले, आपल्या धाकट्यापेक्षा लहान आहे, पण तिथे सगळे सर म्हणतात) म्हणाले, काकू, रोज येताच आहात तर एकदा बसून बघा. खरंच बसूनच. ह्या प्रकारात खुर्चीवर बसायचं, रायफल टेबलावरच्या टेकूवर ठेवायची आणि वरच्या दुर्बिणीतून बघून पंचवीस मीटरवरच्या कागदावर छरा मारायचा. उभं राहायचं नाही, पळायचं नाही, घाम गाळायचा नाही. असा खेळ जगात आहे हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं! आणि तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलेल्या बाईला एक डोळा मिटून श्वास धरायला कोणी शिकवायला लागतं का? वर्गभर पोरींच्या सुयांमध्ये दोरा ओवून दिलाय मी. पहिल्याच दिवशी तीन छरे एकाच भोकाच्या आसपास गेले. सर बघतच राहिले. मीही बघत राहिले, पण मी तसं दाखवलं नाही.

मग मुलाने मला माझी स्वतःची रायफल घेऊन दिली आणि वर लावायला चांगली दुर्बीण. ती दुर्बीण रायफलीवर दोन कड्यांत बसते आणि त्या कड्या बारीक बारीक स्क्रूंनी आवळायच्या असतात. इथे आमचे हे पुढे आले. तुला ह्यांचा हात ठाऊक आहे. अख्खी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, हाताएवढे व्हॉल्व्ह फिरवण्यात. ह्यांनी बंद केलेला नळ उघडत नाही, बदलावा लागतो. गेल्या वर्षीचं लिंबाचं लोणचं आम्ही अजून फक्त काचेतून बघतो. म्हणजे मला कळायला हवं होतं. पण अक्का, निवृत्त झाल्यापासून ह्यांच्या हाताला कोणी काम सांगितलं नव्हतं. सोसायटीत काही बिघडलं की मोबाइलवरून माणूस मागवतात. त्यामुळे ‘आण इकडे, मी बसवून देतो’ म्हणाले तेव्हा ह्यांच्या तोंडावर जे काही होतं, ते बघून मला नाही म्हणवेना. दाढी करून आले, धुतलेला शर्ट घातला, आणि बसवली. अशी बसवली की दुर्बिणीचं मोठं-लहान करायचं चाक फिरेना. क्लबात नेली तर माझे छरे शेजारच्या बाईंच्या कागदावर. त्या बाई खूश, कारण त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या कागदावर दहा गुण दिसत होते.

प्रज्ञेश सरांनी कड्या सोडवल्या, तर दुर्बिणीच्या नळीवर दोन वळ. भरल्या हातातल्या घट्ट बांगड्या काढल्यावर उठतात ना, तसे. “काकू, ही कुणी आवळली?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या यजमानांनी. त्यांनी नळी पुन्हा एकदा उजेडात धरून बघितली. “कुस्ती खेळतात का?” म्हणाले. मग नीट समजावलं, की ह्या स्क्रूला किती पीळ द्यायचा त्याचं माप असतं. त्या माझ्या कड्यांना दोन न्यूटन-मीटरपेक्षा कमीच, म्हणजे जवळपास काहीच नाही. त्यासाठी पीळ मोजणारा स्क्रूड्रायव्हर मिळतो, टॉर्क स्क्रूड्रायव्हर, तो घ्या. दुर्बीण वाचली आहे, पण पुन्हा असं झालं तर वाचायची नाही. आणि तीन आठवड्यांनी स्पर्धा होती, ज्येष्ठांच्या गटात माझं नाव दिलेलं.

मी मूर्ख. घरी येऊन कुस्तीचा विनोद ह्यांना सांगितला. हसत हसत सांगितला गं, आणि वर म्हटलं, आता तुम्ही हात लावू नका, सर बसवून देतील. हे हसले नाहीत. ‘बरं’ म्हणाले. त्यानंतर तीन दिवस ‘बरं’सुद्धा नाही. चौथ्या दिवशी उठून कुठेतरी गेले आणि दुपारी रिक्षातून उतरले ते खांद्यावर गदा घेऊन. गदा नव्हे, मार्केट यार्डातल्या ओळखीच्या ट्रक मेकॅनिककडून आणलेला टॉर्कचा पाना. माझ्या हातापेक्षा लांब. त्याचं माप चाळीस न्यूटन-मीटरपासून सुरू होतं आणि त्याने ट्रकची चाकं आवळतात. हे म्हणाले, हलक्या हाताने वापरला तर? मी दुर्बीण कपाटात ठेवली आणि किल्ली ब्लाउजमध्ये.

पण त्या गदेने मला एक कळलं. ह्या माणसाला ती दुर्बीण स्वतःच बसवायची आहे. मग मी ठरवलं, सरांकडे न्यायची नाही. स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, चांगला घ्यायचा, आणि ह्यांच्याच हातात द्यायचा. दुसऱ्या दिवशी दोघं कसब्यात गेलो. तिथे एका बोळात सुदर्शन नावाच्या गृहस्थांचं हत्यारांचं दुकान आहे. रुंदी एवढी की आत गेलेला माणूस बाहेर आल्यावरच दुसरा आत जाणार. सुदर्शनरावांनी वर न बघता विचारलं, काय हवंय. मी म्हटलं, टॉर्क स्क्रूड्रायव्हर.

“कशाला?”

“रायफलवर दुर्बीण बसवायची आहे.”

अक्का, पायरीवरचे दोघेजण एकेक पायरी खाली गेले. सुदर्शनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, माझ्या नऊवारी-सहावारीकडे... (सहावारीच होती, पण बघण्याची पद्धत नऊवारीकडे बघण्याची होती) तर साडीकडे बघितलं आणि विचारलं, “कोणासाठी?” मी म्हटलं, माझ्यासाठी. “ते समजलं. नेम कोणासाठी?” तोवर हे पुढे सरसावले आणि छाती काढून म्हणाले, “खेळतात त्या. स्पर्धेत.” चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्याबद्दल परक्या माणसाला अभिमानाने सांगितलेलं हे पहिलं वाक्य. मी तिथेच सुट्या स्क्रूसारखी कुठेतरी गडगडत गेले असते, पण जागा नव्हती.

मग मात्र सुदर्शनराव खुलले. तीन-चार डबे काढले. मला वाटलं होतं दुकानात जायचं, एक स्क्रूड्रायव्हर मागायचा, निघायचं. पण साडी निवडणं परवडलं! एकाचं माप एकपासून दहापर्यंत, दुसऱ्याचं अर्ध्यापासून पाचपर्यंत. मी म्हटलं, मोठा द्या, कधी लागला तर. ते म्हणाले, “बाई, दोनच्या आतलं काम आहे तुमचं. पट्टीच्या टोकाला कुठलंच माप खरं बोलत नाही. काम मधोमध येईल असा घ्या.” ह्यांनी खिशातून कड्यांबरोबर आलेला कागद काढला, त्यावर ‘जास्तीत जास्त अठरा’ लिहिलं होतं. हे म्हणाले, पण इथे तर अठरा आहे. सुदर्शनरावांनी कागद हातात घेतला. “अठरा इंच-पौंड. म्हणजे दोनच न्यूटन-मीटर. न्यूटनच्या अठरावर लावलात, तर दुर्बीण राहणार नाही, चिमटा होईल.” हे इतके खजील झाले की मीच घाईघाईने म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं. (वाटलं नव्हतं.) शेवटी ‘कट्’ वाजणारा घेतला. आकडा लावायचा, फिरवायचं, पीळ पुरा झाला की कट् वाजतं, थांबायचं. वाजल्यावरही फिरवत राहिलात तर तो अडवणार नाही, एवढं त्यांनी दोनदा बजावलं. मला वाटलं, ह्यांच्यासाठी अगदी असाच हवा. आवळणाऱ्याला कोणीतरी ‘पुरे’ म्हणणारं हवं, आणि माझं ‘पुरे’ ह्यांनी कधी ऐकलंय?

घरी आलो. हे जुन्या लाकडी फळीत स्क्रू लावून सरावाला बसले (दुर्बीण अजून कपाटात, किल्ली होती तिथेच), मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. कट्. वा, म्हटलं, जमलं. मग पुन्हा कट्. मग कट्, कट्, कट्, आणि फळी तडकल्याचा आवाज. बाहेर येऊन बघते तर स्क्रू लाकडात बुडालेला आणि हे घामाघूम. म्हणाले, वाजतच नाही. माल खराब आहे. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हातात घेऊन ह्यांच्यासमोर फिरवला, कट्. “बघ,” हे म्हणाले, “तुलासुद्धा वाजवता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा कसब्यात. रस्ताभर हे दुकानदाराला काय काय सुनवायचं ते ठरवत होते. सुदर्शनरावांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, पकडीत अडकवला, फिरवला. कट्. पायरीवरच्या माणसानेसुद्धा मान वळवली. “वाजला की,” ते म्हणाले. “कुठे वाजला?” हे म्हणाले, “उगाच काहीतरी सांगू नका.” पुन्हा फिरवला. कट्. हे त्यांच्या हाताकडे टक लावून, वाट बघत उभे. सुदर्शनरावांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. अक्का, त्या माणसाच्या जिभेवर काहीतरी तयार होतं, मला दिसलं. आपल्या पुण्याचा दुकानदार, असा झेल कोण सोडतो! पण त्यांनी तो गिळला. म्हणाले, “खरंय काका. ह्या डब्यातला माल जरा दबकाच वाजतो. माझीच चूक.” आणि आतून दुसरा काढला, काटा आणि तबकडी असलेला. “हा घ्या. हा डोळ्यांनी बघायचा. तुमच्यासारख्या अनुभवी हाताला हाच बरा.” वरचे पैसेही घेतले नाहीत. हे दुकानातून बाहेर पडले ते लढाई जिंकून.

त्या संध्याकाळी मी किल्ली काढून दिली. ह्यांनी वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला आणि बसले. एक स्क्रू थोडा, मग त्याच्या तिरक्यातला थोडा, मग तिसरा, असं आळीपाळीने, सरांनी सांगितलं तसं. काटा दोनच्या अलीकडे आला की हात उचलायचे आणि इतका वेळ धरलेला श्वास सोडायचे. मला म्हणाले, पंखा बंद कर, काटा हलेल. पाऊण तास लागला. एवढ्या हळुवार हाताने ह्यांनी आजवर फक्त स्वरालीला पहिल्यांदा उचललं होतं.

स्पर्धा रविवारी झाली. अकरा जणांत माझा सातवा नंबर आला. हसू नकोस, वारा माझ्या बाजूचा नव्हता. पण शेवटच्या कागदावरचे दहाच्या दहा छरे एका रुपयाखाली झाकले जात होते (जरा डावीकडे होते, पण सगळे एकत्र होते). प्रज्ञेश सर म्हणाले, काकू, दुर्बीण केसभरही हललेली नाही, कोणी बसवली? मी म्हटलं, यजमानांनी. तो कागद ह्यांनी शोकेसमध्ये लावलाय, मुलाच्या पदवीपुढे.

असो. फार लिहिलं. गुडघ्याला जप, दाजींना वेळेवर जेवू घाल, म्हशीला आशीर्वाद.

तुझी,
रतन

ता. क. : फोन न करता पत्र का, असं तुला वाटलं असेल. फोन आला की हे मोठ्या आवाजात लावून मध्ये बसतात, आणि पुढचं त्यांच्यासमोर बोलता येत नाही. दाजींनी दोन वर्षांपूर्वी कानात यंत्र बसवून घेतलं ना? त्यांना एवढंच सांग, पुढच्या आठवड्यात सहज म्हणून इकडे या, जेवायला थांबा, आणि साडूशी बोलता बोलता ते यंत्र काढून दाखवा. माझं ऐकणार नाहीत, मुलाचं तर नाहीच. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले, लोकच हल्ली पुटपुटतात. दाजींनी मी सांगितलंय असं अजिबात दाखवायचं नाही. पुरणपोळी करीन.

ता. क. दुसरा : काल हे खिडकीशी पाठमोरे उभे होते. मी मोठ्या हिमतीने मागून म्हणाले, छान बसवलीत हो. हे वळले आणि म्हणाले, “नको, आत्ताच चहा झालाय.”