राखीव अर्धा तास

बाबा, गेल्या शुक्रवारी मी त्या पार्कात जाऊन आले. एकटीच. सकाळी सात वाजता ठाकुर्लीच्या माझ्या स्वयंपाकघरात चहा उकळत होता, ऑफिसला जायचं अगदी जिवावर आलं होतं, आणि मनात आलं, जाऊया. टॉवेल घेतला नाही, पाण्याची बाटली घेतली नाही, पार्क किती वाजता उघडतं तेही बघितलं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, निदान फोन करून विचारायचं तरी, आज चालू आहे का." चालू होतं. तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, "किती?" मी म्हटलं, "एक." तिने मान लांब करून माझ्या मागे बघितलं, कोणी येतंय का ते, आणि पुन्हा विचारलं, "एकच ना मॅडम?" वर हेही सांगितलं, की काल ऑनलाइन काढलं असतं तर सवलत मिळाली असती. मला हसू आलं. आधी ठरवून येणाऱ्याचं भलं होतं, हे तुम्ही मला मी सहावीत असतानाच सांगून ठेवलं होतंत. मी ऐकलं नाही, इतकंच.

आपल्या घरात सगळ्यांची मिळून अशी सुट्टीच नव्हती, आठवतं ना? वीज पुरावी म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारांवर वाटून दिलेल्या, त्यात वागळे इस्टेटच्या वाट्याला शुक्रवार आला. माझी शाळा रविवारी बंद. म्हणजे शुक्रवारी तुम्ही वर्तकनगरच्या घरात लुंगी लावून पेपर वाचत बसायचात तेव्हा मी शाळेत, आणि रविवारी मी अंथरुणात लोळत असायचे तेव्हा तुम्ही डबा घेऊन जिना उतरत असायचात. दर आठवड्याला आपण एकमेकांना हुकायचो. कारखान्यात कुठल्या मशीनवर कुठलं काम किती वाजता लावायचं हे ठरवण्याची तुमची नोकरी, आणि घरी आल्यावरही ती काही सुटायची नाही. गॅसचा सिलिंडर कधी संपणार, मावशीकडे कधी जायचं, गेल्यावर किती वेळ बसायचं, सगळं लिहिलेलं. आई म्हणायची, "यांना जन्माला घालायच्या आधी यांनीच देवाला तारीख कळवली असेल." तुम्ही हसायचात आणि लिहीत राहायचात.

तर मी सहावीत असताना एका शुक्रवारी मला शाळा बुडवायला लावून तुम्ही पार्कात न्यायचं ठरवलंत. आई म्हणाली, ताप आला असं लिहा. तुम्हाला ते पटलं नाही. तुम्ही बाईंना चिठ्ठी लिहिलीत, "माझी साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असल्याने मुलीस सहलीला नेत आहे, तरी एक दिवसाची रजा मंजूर व्हावी." बाईंनी ती वर्गात मोठ्याने वाचली आणि मुली खिदळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तापाचं खोटं किती सोपं होतं. त्या दिवशी मी ठरवलं होतं, की मोठी झाले की सोपंच बोलायचं.

तुमच्या शेजारच्या टेबलवरचे काका महिनाभर आधी नातेवाइकांबरोबर तिथे जाऊन आले होते, रविवारी, रजा टाकून. त्यांच्याकडून तुम्ही सगळी माहिती काढलीत. प्रत्येक राईडला पाऊण पाऊण तास रांग, तुफान गर्दी, लोक आत शिरले की दाराजवळच्या पाळण्यांवर तुटून पडतात. मग तुम्ही कारखान्यातल्या एका जुन्या जॉब कार्डाच्या पाठीमागे पार्काचा नकाशा काढलात. आपण शेवटच्या टोकापासून सुरुवात करायची, गर्दीच्या उलट. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पहिली राईड. अकरा वीसला रोलर कोस्टर. साडेबाराला जेवण. प्रत्येक राईड एकदाच, म्हणजे एकही राहून जाणार नाही. सगळ्यात खाली लाल पेनने, "राखीव, अर्धा तास." बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत हेही तुम्हाला काकांकडून कळलेलं, म्हणून सव्वानऊला आपण तिघं पार्काच्या फाटकाबाहेर उभ्याउभ्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. रखवालदार आपल्याकडे बघत होता. आईने त्यालाही दोन दिल्या.

आणि आत गेलो तर काय, पार्क रिकामं. शुक्रवार होता ना, बाबा! तुम्ही रविवारच्या गर्दीचा बंदोबस्त करून आला होतात आणि सुट्टी मात्र शुक्रवारची घेतली होतीत. वागळे इस्टेटच्या माणसाशिवाय ही चूक कोणाच्या हातून झाली नसती. तुमच्यासाठी शुक्रवार हाच रविवार होता. बाकीच्या जगाला तो कामाचा वार आहे, हे तुमच्या ध्यानातच आलं नाही. मला वाटलं, आता मजा. रांग नाही, गर्दी नाही, हवं तिथे हवं तितकं. पण तुम्ही घड्याळाकडे बघितलंत आणि आपण रिकाम्या रस्त्यावरून झपाझप शेवटच्या टोकाला निघालो. आईच्या चपलेचा अंगठा तुटला तरी तुम्ही थांबला नाहीत.

अकरा वीसला मी रोलर कोस्टरमध्ये बसले. आई खाली डोळे मिटून उभी, तुम्ही हातात ते कार्ड घेऊन. वर जाताना मला रडू येत होतं आणि खाली येताना मी इतकी हसले की घसा बसला. तितकं मोकळं मी नंतर कधी हसले असेन असं वाटत नाही. गाडी थांबली तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "बस गं परत. कोण नाय आज." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "नको. चल, आता पुढचं." तो माणूस म्हणाला, "साहेब, बसू द्या ना पोरीला, रिकामीच तर चाललीय." आईसुद्धा म्हणाली, "अहो, कोण आहे रांगेत? बसू द्या की." तुम्ही तिघांनाही एकच उत्तर दिलंत, "आपलं ठरलंय." मी उतरले. गाडी माझ्याशिवाय, कोणाशिवायच, रिकामी वर गेली. ती तशी वर जाताना मी किती वेळ मागे वळून बघत होते, ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही पुढे चालत होतात.

सगळ्या राईड झाल्या. एकही राहिली नाही. आणि शेवटी तो राखीव अर्धा तास उरला, जसाच्या तसा, कारण उशीर कुठे झालाच नव्हता. रोलर कोस्टर पार दुसऱ्या टोकाला राहिली होती, पाचची एस.टी. गाठायची होती, म्हणून आपण दाराजवळच्या बाकावर बसून तो काढला. आई चपलेला पिन लावत होती. मी फुगून बसले होते. तुम्ही विचारलंत, "काय गं, आवडलं ना?" मी म्हटलं, "तुम्हाला मजा करताच येत नाही." आई दटावून म्हणाली, "असं बोलतात का बाबांशी?" पण तुम्ही रागावला नाहीत. कार्डाची घडी घालत म्हणालात, "नाही येत मला. म्हणून तर लिहून आणलं." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. अकरा वर्षांच्या पोरीला काय कळणार? पण पंचविसाव्या वर्षीही कळलं नाही, आणि पस्तिसाव्याही नाही, त्याला काय म्हणायचं?

गेल्या शुक्रवारी मी सरळ रोलर कोस्टरकडेच गेले. जुनी गाडी कधीच मोडीत गेली असणार, नवी आहे, रंगीत, दोनदा उलटी होणारी. गर्दी नव्हती. पट्टा लावणाऱ्या बाईंनी विचारलं, "एकट्याच? या, पुढे बसा, पुढची सीट खाली आहे." दोन माणसांची सीट, त्यामुळे शेजारची जागा त्यांनी रिकामीच पट्ट्याने बांधून टाकली. मी लागोपाठ चार वेळा बसले, बाबा. मला कोणी अडवलं नाही. चौथ्या वेळी त्या बाई म्हणाल्या, "मॅडम, चक्कर नाय येत तुम्हाला?" मी म्हटलं, "येतेय." खरं तर पहिल्याच वेळी वरून खाली बघितलं तेव्हा कळून चुकलं होतं, की मजा गाडीत नव्हतीच. खाली कोणीतरी मान वर करून उभं होतं, त्यात होती. चार वेळा मी खाली बघितलं. मला फार एकटं वाटलं. नंतर उरलेला दिवस काय करायचं ते सुचेना. कुठली राईड कुठे आहे ते माहीत नव्हतं, जेवायची वेळ निघून गेली, आणि दुपारी दोनलाच मी परत निघाले. ठरवून आले असते तर बरं झालं असतं, हे वाक्य मी एस.टी.त बसून मोठ्याने म्हटलं असावं, कारण शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली.

त्या रिकाम्या गाडीचा सूड मी आयुष्यभर उगवत बसले. कॉलेजपासून कुठे जायचं तर तिकीट न काढता, राहायचं तर खोली न बघता. तुम्ही विचारायचात, "कधी येणार परत?" मी सांगायचे, "बघू." त्या "बघू"ने तुमचा चेहरा कसा व्हायचा ते मला माहीत होतं आणि आवडायचंही, खोटं कशाला बोलू! लग्नही तसंच केलं, ओळख झाल्यावर तीन महिन्यांत. तुम्ही एवढंच म्हणालात, "थोडं थांबली असतीस तर." मी थांबले नाही. ठाकुर्लीला घर घेतलं, त्याचा आणि माझा संसार मांडला, आणि तो टिकला तेवढे दिवस टिकला.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. आई जाऊन वर्ष झालं होतं, तुम्ही वर्तकनगरला एकटे. तोही शुक्रवारच होता. कारखाना सुटून तुम्हाला इतकी वर्षं झाली तरी शुक्रवारी तुम्ही दाढी उशिरा करायचात. सकाळी साडेनऊला फोन आला. "अगं, काय करत्येस?" आणि मी उत्तर द्यायच्या आत, "चल, पार्कात जाऊया." मला वाटलं, तुम्हाला बरं वाटत नाहीये. मी म्हटलं, "कुठल्या पार्कात?" "अगं त्याच. काही ठरवलं नाही मी. सकाळी मनात आलं आणि निघालो. आज शुक्रवार, गर्दी नसणार. तू बस हवी तितक्या वेळा. मी खाली थांबतो." तुमच्या तोंडून "काही ठरवलं नाही" हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. तुमचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. आणि मी काय म्हणाले? "बाबा, असं अचानक कसं जमेल? आधी सांगायचं ना. मी ऑफिसात आहे."

तुम्ही लगेच म्हणालात, "हो हो, बरोबर आहे तुझं. आधी विचारायला हवं होतं. चुकलंच. पुढच्या वेळी आठ दिवस आधी सांगतो." पुढची वेळ आली नाही. सात आठवड्यांनी दुपारच्या झोपेत तुम्ही गेलात, कोणाला काही न कळवता. भेटायला आलेले लोक म्हणत होते, भाग्यवान, किती सहज गेले. मला मात्र सारखं वाटत होतं, की यांना असं न सांगता जायची सवय नव्हती, कुठेतरी लिहून ठेवलं असेल.

बारा वर्षं ही गोष्ट मी लोकांना सांगत आलेय. बाबांनी एकदाच अचानक बोलावलं आणि मी नेमकी ऑफिसात होते. ऐकणारे हळहळतात, म्हणतात, तुझा काय दोष, नोकरी म्हटल्यावर असं होतंच. मी मान हलवते. आता वर्तकनगरच्या आपल्या घरात दुसरं कुटुंब राहतं, तेव्हा हे कागद काही पोस्टात पडायचे नाहीत. निदान इथे तरी सोपं बोलायला नको.

मी ऑफिसात नव्हते, बाबा. घरीच होते, रजा टाकून, पलंगावर. नवरा घर सोडून गेल्याला अकरा दिवस झाले होते. कपाटाचा अर्धा भाग रिकामा होता, बेसिनमध्ये भांडी तुंबली होती, आणि तुम्हाला मी काही सांगितलं नव्हतं. मला न्यायला तुम्ही घरी आला असतात तर एका नजरेत सगळं कळलं असतं, आणि मग तुम्ही विचारलं असतंत, "मग आता पुढे काय ठरवलंयस?" मी काहीच ठरवलं नव्हतं. त्या एका प्रश्नाला मी इतकी घाबरले.

तेव्हा ठाकुर्लीला माझ्या खिडकीखालीच रेल्वेचं फाटक होतं. आपण बोलत होतो तेवढ्यात ते पडायला लागलं आणि त्याची घंटा सुरू झाली. ती मला खिडकीतून ऐकू आली, आणि तीच फोनमधूनही. म्हणजे तुम्ही वर्तकनगरला नव्हतात, माझ्या घराखाली उभे होतात. खिडकी दोन पावलांवर होती, मी उठले नाही. ती घंटा जशी तुमच्याकडून मला ऐकू येत होती तशीच माझ्याकडून तुम्हालाही ऐकू येत असणार. तरी तुम्ही ती थांबेपर्यंत वाट बघितलीत आणि मग हळूच विचारलंत, "डबा नेलायस ना ऑफिसात?" मी हो म्हटलं.