टीव्ही नव्हे, माझी मान

शनिवार, संध्याकाळ

गाडीतल्या जुन्या टेपच्या जागी मागच्या कॅमेऱ्याची स्क्रीन बसली. पावणे गावातल्या गॅरेजवाल्या सलीमभाईंनी स्वतः गाडी रिव्हर्स घेऊन खात्री दिली, "मॅडम, एकपण वायर कापली नाय. मागचं सगळं दिसतंय."

मान वळत नाही, म्हणून माझी गाडी विकायची, असं घरात मला न विचारताच ठरलं होतं. आज स्क्रीन बघून हे म्हणाले, "या वयात गाडीत टीव्ही कशाला गं?"

टीव्ही! एवढ्याशा शब्दाचा इतका राग का यावा? टीव्ही बघत बसायचं वय झालं, असंच ना?

उद्या सकाळी ह्यांनी बोलावलेलं गिऱ्हाईक येईल. त्याला चहा देईन आणि त्याच्यादेखत गाडी रिव्हर्समध्ये गेटबाहेर काढून बाजाराला जाईन.