छातीला मानवणारा पोपट

बाबा, मी पोपट घेतला आहे. तुम्हाला हसू येईल, कारण तुमच्या राघूच्या पिंजऱ्याजवळ गेलं की माझे डोळे सुजायचे, नाक वाहायला लागायचं, आणि तुम्ही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणायचात, "माह्या राघूले पाहून रडून काऊन राह्यली गं बाई?" तुम्ही आजारी पडलात तेव्हाच्या तुमच्या वयाला आता मी येऊन पोचले आहे, आणि छातीही अगदी तुमच्यावर गेली आहे. तुम्हाला सागाचा भुसा, मला शाळेतला खडू, आणि माजरीला खाणीच्या क्वार्टरात आल्यापासून दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर कोळसा. एवढं असताना घरात पाखरू आणायचं म्हणजे मला वेड लागलं असं तुमचे जावई म्हणतात. त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्ही निदान मधेच बोलणार नाही.

आलापल्लीच्या आपल्या घरात सागाचा वास भिंतींनाच होता. छपरीत तुमचं सुतारकाम चालायचं आणि रंध्याखालून निघालेल्या ढलप्या वाऱ्यानं थेट चुलीपर्यंत जायच्या. राघू तुम्हाला एका पाडलेल्या झाडाच्या ढोलीत सापडला होता, पिसंही न फुटलेला, नुसता चोचीचा आणि पोटाचा जीव. असं पाखरू पाळणं कायद्याला चालत नाही हे आपल्याकडे कुणाच्या गावीही नव्हतं. पुढे तुम्हाला दम लागायला लागला, सरकारी दवाखान्यात भुसा बंद करा म्हणाले आणि तुम्ही रंधा ठेवून दिलात. खरं तर आता बरं वाटायला हवं होतं. पण तेव्हाच आपल्याकडे राहणाऱ्या आत्यानं पिंजरा छपरीतून काढून आतल्या खोलीत तुमच्या खाटेच्या वर, अगदी डोक्याशी टांगला. "पाखरू दुखनेकऱ्याच्या उशाशी असलं म्हंजे दुखनं त्याच्यावर जाते," ती म्हणाली, "मानूस सुटते." आपल्याकडे हे सगळेच मानायचे, तुम्हीही मानलंत. राघूनं पंख झाडले की खिडकीतल्या उन्हात पांढरी भुकटी उडायची आणि सावकाश तुमच्या उशीवर बसायची. मी एकदा शिंकून शिंकून बेजार होऊन पिंजरा उचलून बाहेर नेला, तर तुम्ही खाटेवर उठून बसलात. तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. "घरातल्या जिवाले बाहेर काढतेस? उद्या मले बी काढशीन मंग!" मी पिंजरा परत जागच्या जागी टांगला.

तुमच्या तेरवीच्या दुपारी छपरीत पंगत बसली होती. ऊन असं की वरचा पत्रा तडतडत होता. भात वाढून झाला, वरण यायचं होतं, आणि आतल्या खोलीतून तुम्ही खोकललात. आधी दोन कोरडे ठसके, मग छातीतून निघणारी ती लांब शीळ, मग घसा खाकरणं, आणि शेवटी दमलेल्या आवाजात, "पाणी दे ना बाई." पंगतीत एकाचाही हात हलला नाही. तुमच्याबरोबर काम केलेले म्हातारे मिस्त्री पानावरून उठले ते चपला न घालताच घरी गेले. मी माठातून गिलास भरला आणि आत गेले. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. वर पिंजऱ्यात राघू मान तिरकी करून माझ्याकडे बघत होता. पोपट आहे, ऐकलेलं बोलतो, हे काय मला कळत नव्हतं? पण मी पाण्याचा गिलास खाटेशी ठेवला आणि बाहेर येऊन वरण वाढायला घेतलं.

नंतर आत्या राघूला घेऊन गोंडपिपरीला, तिच्या सासरच्या रिकाम्या घरात राहायला गेली. मी दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे जात असे. लोकांना वाटायचं, भाची किती मायाळू. मी जायची ती तुम्हाला ऐकायला, हे आत्याला पहिल्या खेपेपासून माहीत होतं. ती चहा टाकायची, पिंजऱ्यासमोर पाट मांडायची आणि म्हणायची, "दादा, पोरगी आली ना, बोला." आणि तुम्ही बोलायचात. कधी माझ्या नावाची हाक, कधी पाणी, पण बहुतेक वेळा खोकला. सुरुवातीला तो तुम्ही रंधा ठेवलात त्या वर्षीचा खोकला होता, वरवरचा. पुढच्या खेपांना त्यातली शीळ लांबत गेली. मला वाटलं माझे कान लबाडी करताहेत. पण मग शिळेच्या टोकाला ती घरघर आली, तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यातली, आणि मी चहाची बशी खाली ठेवली. राघू स्वतः ठणठणीत होता, पिसं तेल लावल्यासारखी चमकत होती, भिजवलेले चणे तो चवीनं फोडून खात होता. फक्त आवाजातलं दुखणं पुढे चाललं होतं. "कुठी तरी जाईनच ना ते," आत्या शांतपणे म्हणाली. "तुह्या बापावरून उतरलं, याच्यावर चढलं." मी विचारलं, मग बाबा का गेले? तिनं जरा विचार केला. "आपन पिंजरा उशिरा टांगला," ती म्हणाली.

एका मे महिन्यात भर दुपारी आम्ही दोघी आंब्याच्या फोडी करत बसलो होतो. राघूला उबळ आली. ठसके, शीळ, घरघर, सगळं ओळीनं, आणि मग श्वास आत ओढल्याचा तो आवाज, जो मी आयुष्यात एकदाच ऐकला होता. त्यानंतर काही नाही. बाबा, पोपट आवाजाची नक्कल करतो हे मला मान्य आहे. शांततेची नक्कल तो कशी करील? पण ती तीच शांतता होती. तेव्हाही असंच झालं होतं, मी आणि आत्या तुमच्याकडे बघत पुढच्या श्वासाची वाट पाहत बसलो होतो. आता तशाच पिंजऱ्याकडे बघत बसलो. विळीवर आत्याचा हात तसाच थांबलेला. बाहेर रस्त्यावरून कुणी सायकलवर गेलं. मग राघूनं एक शेंग उचलली, फोडली, टरफल खाली टाकलं, आणि आत्यानं पुढची कैरी घेतली.

मागच्या वर्षी आत्याचे गुडघे अगदीच गेले आणि तिच्या पुतण्यानं तिला नागपूरला न्यायचं ठरवलं. तिनं मला बोलावून घेतलं आणि पिंजरा माझ्यापुढे ठेवला. "तुह्या बापाले तू नाई ठेवशीन तं कोन ठेवीन?" मला तो हवा होता. अगदी जीव तोडून हवा होता, कारण तुमचा एकही आवाज दुसरीकडे कुठे साठवलेला नाही. आपल्याकडे टेप कुठला असायला. मी राघूजवळ संध्याकाळपर्यंत बसले. पिंजरा नंतर नेते म्हणून एकटीच निघाले, तर परतीच्या एसटीत माझा दम कोंडला. कंडक्टरनं गाडी थांबवून मला खिडकीशी बसवलं, शेजारच्या बाईनं पाठ चोळली, आणि मला आठवतं ते एवढंच की माझ्याच छातीतून शीळ येत होती आणि लोक माझ्याकडे पंगतीतल्यासारखे बघत होते. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासून पहिला प्रश्न विचारला, "घरात पक्षी होता का कधी?" मी पिंजरा कुठे टांगला होता ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पिसांची धूळ काही जणांच्या फुफ्फुसात जाऊन बसते म्हणाले. वडिलांचं भुशानं झालं की कशानं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही, पण तुम्ही पाखराच्या वाटेला जाऊ नका. मी भाजी घेताना करतात तशी घासाघीस सुरू केली. कुठलंच नको का? अगदी छोटं? त्यांना हसू आलं. "मी माणसांचा डॉक्टर आहे हो," ते म्हणाले. पण भला माणूस. पुढच्या वेळी कुणाला तरी विचारून आला होता: पांढरी भुकटी सोडणारी जात नको, रोज अंघोळ करणारी बघा, झोपायच्या खोलीत पिंजरा नको, तो साफ दुसऱ्यानं करायचा, आणि घ्यायच्या आधी त्या पाखराजवळ बराच वेळ बसून बघायचं. शिवाय औषध ओढायचा पंप सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

आत्याला मी नाही म्हणाले. ती माझ्याशी भांडली नाही, ते जास्त लागलं. तिनं राघू तळ्याकाठच्या एका ढिवर कुटुंबाला, मासे धरणाऱ्या ओळखीच्या लोकांना देऊन टाकला.

मी नागपूरच्या पाखरांच्या दुकानात काळं लुगडं नेसून गेले, भुकटी पडली तर दिसावी म्हणून. "पोरगी पाहाले आलो का नवरदेवाले पाहाले?" तुमचे जावई दारातच म्हणाले आणि बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहिले. शेंडीवाला कॉकटील मांडीवर बसवला, गोड पाखरू, पण उठले तर मांडीवर पिठाची चाळणी झाडल्यासारखं झालं होतं आणि घसा खवखवत होता. करड्या आफ्रिकन पोपटानं त्याहून वाईट केलं. लव्हबर्डनं धूळ फारशी टाकली नाही पण असा कलकलाट केला की दम त्यानंच लागावा. मग दुकानदारानं आतून एक लहानसा हिरवा कोन्युर पोपट आणला, गालावर हिरवी पिसं, शेपटी विटकरी. तो माझ्यासमोर पाण्याच्या वाटीत उतरला आणि लग्नघरातल्या मामीसारखा निवांत न्हात बसला. लुगडं काळंच राहिलं. मी पुढच्या आठवड्यात परत गेले, परत बसले. छाती स्वच्छ. "बाई, सोच लो," दुकानदार म्हणाला, "ये बोलत नाई. बोलनेवाला पाहिजे तं तो आफ्रिकन ग्रे घ्या." मला न बोलणाराच पाहिजे, असं मी म्हणाले, आणि त्या क्षणी ते खरं होतं.

दिवाळीत मी तळ्याकाठी राघूला बघायला गेले. नाकाला पदर लावून दाराबाहेरच उभी राहिले. तो आता जाळं झटकल्याचा आवाज काढतो, लेकराच्या रडण्याचा काढतो, त्या घरातल्या बाईसारखा "अगे पोट्टे" म्हणून ओरडतो. मी पाट मांडला असता तरी काय उपयोग. "बाबा, बोला ना," मी दाराशी म्हणाले, आणि त्यानं मला ओळखलंही नाही. त्या बाईला विचारलं, खोकतो का? "नाई जी," ती म्हणाली, "आला तवा खोकलत होता. आता बरा झाला." बाबा, तुमची तेरवी जेवले तेव्हा मला असं रडू आलं नव्हतं. बस मिळेपर्यंत मी तळ्याच्या बांधावर बसून होते.

कोन्युर आमच्या क्वार्टरच्या मागच्या पडवीत असतो. तुमचे जावई पिंजरा धुतात, वर कुरकुरही करतात. गेल्या महिन्यात एका सकाळी मी शाळेसाठी डबा भरत होते आणि पडवीतून तुम्ही खोकललात. दोन कोरडे ठसके. शीळ. खाकरणं. आवाज बारीक, पाखराएवढा, पण मांडणी तुमची, त्यात तसूभर फरक नाही. मी डबा उघडाच टाकला. हे पाखरू नागपूरच्या कुठल्याशा पिंजऱ्यात जन्मलं, आलापल्ली त्यानं पाहिली नाही, राघूचं आणि त्याचं तोंडही एकमेकांना दिसलेलं नाही. दुखणं याच्यावर कुठून चढलं? मी पडवीच्या दारात उभी राहिले तर तो मान तिरकी करून माझ्याकडे बघत होता. पुन्हा खोकलला. मी ह्यांना हाका मारून बोलावलं, म्हटलं, ऐका, ऐका, हा बाबांचा खोकला काढतोय. त्यांनी टॉवेलनं तोंड पुसत ऐकून घेतलं. "तुह्या बाबाचा कुठला?" ते म्हणाले. "तुहाच हाय तो. तू अशीच खोकलतेस, लगन झालं तवापासून."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. पंपानं मला चांगलाच आराम पडला आहे. खोकला जवळजवळ थांबला, आणि त्याबरोबर पडवीतलाही थांबत चालला. पाखरू लहान आहे, ऐकलं नाही की विसरतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी, हे कामावर असले की, मी सकाळचा पंप घेत नाही. पडवीत खुर्ची टाकून बसते आणि छाती भरून येण्याची वाट बघते. तो पिंजऱ्यात काठाशी सरकून बसतो आणि ऐकतो. डॉक्टरांना हे ठाऊक नाही, तुमच्या जावयांनाही नाही. आजही मी पंप अजून घेतलेला नाही.