चिमणीवरचा लाल दिवा

हैदराबाद, मंगळवार

प्रिय अप्पा,
तुम्हाला आणि आईला सप्रेम जयभीम.

माझी तब्येत चांगली आहे, जेवणही बरं मिळतं. विमानांना वाट दाखवायचं हे काम मला जमेल, असं सर म्हणतात. घाईतही माझा आवाज चढत नाही आणि आकडे डोक्यात राहतात. या कामाला सगळीकडेच माणसं कमी आहेत, त्यामुळे प्रशिक्षण संपलं की लगेच पोस्टिंग मिळेल. आईला सांगा, काळजी करू नको.

पुढचं फोनवर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितेय. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली, तेव्हा मी म्हणाले, माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर आहेत. वायरमन म्हणायची लाज वाटली.

काल सरांनी वीज केंद्रांच्या उंच चिमण्यांबद्दल शिकवलं. चिमणीवरचा लाल दिवा बंद पडला, तर तो परत लागेपर्यंत आम्ही वैमानिकांना सावध करायचं. मग त्यांनी विचारलं, "एवढ्या उंचावर जाऊन तो दिवा बदलतं कोण, माहीत आहे कुणाला?"

मला माहीत होतं. तुम्ही वर गेलात की दिवा लागेपर्यंत आई अंगणात उभी असायची. तरी मी मान खाली घालून बसून राहिले.

तुमचे गुडघे कसे आहेत? अजून तुम्हालाच वर पाठवतात का?

वर्गात खरं सांगायचं ठरवलंय. पण लगेच कुणीतरी विचारेल, तो दिवा बदलतात कसा. इतकी वर्षं तुम्ही चढताय आणि मी एकदाही विचारलं नाही. तेवढं लिहून पाठवा.

तुमची,
चैताली