माझं पिस्तूल दुसऱ्याने वापरण्याबाबत

शनिवार, २ ऑगस्ट २०१४

आजपासून नेमबाजी पुन्हा सुरू. जूनमध्ये प्रबोध गेला, तेव्हापासून क्लबात पाऊल टाकलं नव्हतं. शुभदा म्हणाली, बसून बसून सोफ्याला खड्डा पाडलायस, जा एकदाचा. बायकोने हाकललं म्हणून गेलो असं नाही. माझं ठरलंच होतं.

आर्मरीतून सही करून पिस्तूल घेतलं. पॉइंट टू-टू, इटालियन, माझ्या नावावर रजिस्टर्ड. इथे परदेशात, आमच्या तोआ पायोह भागातल्या मराठी मंडळींत स्वतःचं पिस्तूल असलेला मी एकटा. प्रबोध बिचारा क्लबाचं भाड्याचं वापरायचा. त्या पिस्तुलाची मूठ खुळखुळायची, तरी पठ्ठ्या दहाच्या वर्तुळात मारायचा. नशीब एकेकाचं.

दर शनिवारी विचारायचा, निश्या, तुझ्या पिस्तुलातून पाच गोळ्या मारू का रे? मी दर शनिवारी सांगायचो, रूलमध्ये बसत नाही. भिंतीवरच्या बोर्डावर स्वच्छ लिहिलंय: रजिस्टर्ड शस्त्र मालकाखेरीज कुणी वापरायचं नाही. त्याखाली आणखी एक ओळ आहे. मालक शेजारी उभा असेल आणि रेंज ऑफिसर हो म्हणाला, तर दुसऱ्या मेंबरला चालतं. पण तो अपवाद झाला. मी बँकेत कम्प्लायन्सला आहे. अपवाद हे वापरायला नसतात.

स्कोअर: पन्नासात चोवीस. सराव नाही, दुसरं काय.

मध्येच कुणीतरी शेजारी खडीसाखर फोडल्यासारखा आवाज. प्रबोध नेम धरताना खडीसाखर चघळायचा. वळून पाहिलं, कुणी नाही. शिवाय माझ्या कानांवर इअरमफ होते, म्हणजे आवाज येणं शक्यच नाही. म्हणजे आलाच नाही.

रविवार, १० ऑगस्ट

काल नॅशनल डे, म्हणून आज गेलो. चिनी लोकांचा भुतांचा महिना चालू आहे. मेलेले परत येतात म्हणे. बिल्डिंगखाली त्यांच्यासाठी सकाळपासून कागदी नोटा, कागदी शर्ट, कागदी मोबाइलसुद्धा जाळत होते. मी असलं काही मानत नाही. राखेला लांबून वळसा घातला तो बूट नवे होते म्हणून.

शेहेचाळीस! हयातीत पहिल्यांदा! पाचही भोकं एका वाटीखाली झाकली जातील.

आनंद अर्धा मिनिट टिकला, मग दरदरून घाम फुटला. मी इतकं चांगलं मारत नाही. (इथे वाचायला कोण बसलंय, म्हणून लिहितो.) हात सैल होता, माझा नसल्यासारखा. आणि कानाशी सारखं ते कुडुम कुडुम. सगळी भोकं किंचित वर, किंचित उजवीकडे. ही प्रबोधची पद्धत. डोळे मिटूनही ओळखेन.

म्हणजे माझ्या रजिस्टर्ड पिस्तुलातून दुसऱ्याने गोळ्या मारल्या. तेही न विचारता. हा सरळसरळ ब्रीच आहे.

सोमवार, ११ ऑगस्ट

ऑफिसात मधुवंतीवहिनींचा फोन. प्रबोधच्या बायकोचा. पुंगोलचा फ्लॅट आवरतायत, एक सप्टेंबरला पुण्याला कायमच्या परत. म्हणाल्या, एक मागायचंय, नाही म्हणू नका भावजी. दहाव्याला ओंकारेश्वरावर कावळा पिंडाला शिवेना. मुलांना सांभाळीन म्हटलं, आईंना बघीन म्हटलं, ढिम्म. शेवटी मनात म्हटलं, निशिकांतच्या पिस्तुलातून तुमच्या वतीने पाच गोळ्या मारीन. झडप घातली मेल्याने!

वहिनी क्लबाच्या मेंबर आहेत. दोघांनी मिळूनच नाव घातलं होतं. तरी मी म्हटलं, रूल बघून कळवतो. रूल तोंडपाठ आहे, पण परत बघायला काय जातं?

आता मुद्दा असा. वहिनींनी गोळ्या मारल्या की प्रबोधची इच्छा पुरी. इच्छा पुरी झाल्यावर तो आमच्या नेहमीच्या आठव्या लेनवर कशाला थांबेल?

हा मुद्दा वहिनींना सांगितला नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

लपवाछपवी आपल्याला जमत नाही. रेंज ऑफिसर मिस्टर कोहना बाजूला घेऊन रीतसर सांगितलं की रविवारी माझं पिस्तूल दुसऱ्या इसमाने वापरलं. कोण, विचारलं. म्हटलं, प्रबोध. मिस्टर कोह हसले नाहीत. आधी त्यांनी स्वतःची खुर्ची आठव्या लेनपासून लांब सरकवली. मग म्हणाले, तू एरवी पिस्तूल पळून जाईल असं आवळून धरतोस. त्या दिवशी रडत होतास, हाताला जोर नव्हता, म्हणून बरं मारलंस. मी रडत नव्हतो. जाळलेल्या कागदांचा धूर डोळ्यांत गेला होता.

वहिनींचंही विचारलं, सहज. म्हणाले, तू शेजारी उभा राहा, मी केव्हाही हो म्हणेन. या माणसाला अपवादांचं गांभीर्य नाही.

स्कोअर बावीस. प्रबोध आला नाही. तक्रार केली म्हणून रुसला असणार.

जेवताना मैत्रेयी तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, घोस्ट ऑल्सो नीड लायसन्स मेह, पपा? शुभदाने हिला सांगितलं असणार. आणि स्वतः हसू दाबायला दही आणण्याच्या निमित्ताने आत पळाली. या घरात शोकाला किंमत नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

वहिनींनी आज येते म्हणून स्वतःच ठरवून टाकलं होतं. मला सर्दी झाली म्हणून कळवलं. मग एकटाच क्लबात गेलो, कारण सर्दीला मोकळी हवा चांगली.

उद्या भुतांचा महिना संपतो. मिस्टर कोह म्हणाले की दारं बंद होतात, सगळे परत जातात. आज मुद्दाम हात सैल सोडून उभा राहिलो. मनात म्हटलं, ये, तक्रार मागे घेतली. पहिली गोळी कागदाबाहेर. दुसरी पण. आवाज नाही, काही नाही.

मला भीती वाटते. तो येईल याची नाही. तीन वर्षं दर शनिवारी माझ्या शेजारी उभा असायचा. क्लबानंतर आम्ही हॉकर सेंटरच्या टपरीवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायचो आणि तो माझ्या टार्गेटची चेष्टा करायचा. आता ती चेष्टा कोण करणार?

हे फक्त निरीक्षण म्हणून नोंदवलं.

निश्चय: वहिनींना सोमवारी स्पष्ट नाही सांगायचं. सौम्यपणे.

सोमवार, २५ ऑगस्ट

सौम्यपणे सांगितलं, की शनिवारी जमेल. हे कसं झालं मला कळलेलं नाही. फोन करताना शुभदा शेजारी उभी होती, एवढंच आठवतं.

शनिवार, ३० ऑगस्ट

काल गणपती बसले. शुभदाने मोदकांचा डबा हातात दिला आणि टॅक्सीत घातलं.

मिस्टर कोहनी वहिनींचं कार्ड पाहिलं, होकाराची मान हलवली. मी शेजारी उभा राहिलो. वहिनींनी पाच गोळ्या मारल्या. कुठे लागल्या बघितलं नाही. त्यांचा खांदा हलत होता, मी तिकडे पाहत होतो.

पिस्तूल परत देताना त्यांची नजर बोर्डावर गेली. मी घाईघाईने म्हटलं, ती दुसरी ओळ माझ्या नजरेतून सुटली असेल, नाहीतर प्रबोधला मी कधीच दिलं असतं. त्या म्हणाल्या, अहो, त्यांना तो रूल पहिल्या दिवसापासून माहीत होता. मी कितीदा म्हटलं, दाखवा ना भावजींना बोर्ड. तर म्हणायचे, बोर्ड दाखवून घ्यायचं नाहीये मला. निश्या आपणहून देईल एक दिवस. बघ तू.

मी मोदकांचा डबा त्यांच्या हातात दिला.

वहिनी गेल्यावर पिस्तूल आठव्या लेनच्या बाकावर ठेवलं, शेजारी सरकलो आणि मोठ्याने म्हणालो, घे रे प्रबोध, मार. मिस्टर कोहकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली, चालेल. आम्ही दोघं बराच वेळ तसेच उभे होतो. मग लेन दुसऱ्या मेंबरने बुक केली होती, तो आला.