हातोड्याखालचा हिरा

बाबा,

तीर्थरूप लिहायला हात धजत नाही.

‘खरा हिरा घणानेही फुटत नाही,’ म्हणत तुम्ही आईच्या माहेरच्या अंगठीतल्या खड्यावर हातोडा घातलात. तो फुटला. "काच दिलीय तुझ्या बापाने!" त्यानंतर आईने आजोबांचं तोंड पाहिलं नाही, ते गेले तेव्हाही नाही.

जपलेले तुकडे आज तिनेच माझ्याकडे दिले. मी हिऱ्यांना पैलू पाडते, बाबा. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, पण घाव वर्मी बसला की तो फुटतो. कारखान्यात तुकडे तपासले; तो हिरा खरा होता!

घरी येताच आईने विचारलं, "काचच होती ना गं?"

"हो," म्हणाले. तिने सुटकेचा श्वास टाकला.

हे पत्र, तुम्ही राहता त्या दादाच्या पत्त्यावर, टाकणार नाही. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि तुमचं खोटं आता मला सांभाळायचंय.

फक्त आईची,
मुलगी