धूर धुणारं पिंप

२० मार्च १९६१, सकाळ.
घराच्या सपाट मातीच्या छतावर, धाब्यावर, वाळत घातलेले पापड आज पुन्हा काळे. कारण स्पष्ट आहे. आमच्या भिंतीला लागून धाकटे दीर पितांबरभाई यांची नवी पिठाची गिरणी. डिझेल इंजिन, वर लांब नळी, नळीच्या तोंडावर आवाज करणारं पत्र्याचं डबडं. दिवसभर कुक कुक कुक, आणि प्रत्येक कुकबरोबर काळा गोळा थेट माझ्या वाळवणावर.
मी बडोद्याच्या कॉलेजात सायन्स शिकलेली आहे. निश्चय: आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत या इंजिनाचा धूर बंद.

२३ मार्च.
पितांबरभाईंशी बोलले. ते म्हणाले, धूर म्हणजे इंजिनाचा घाम. जे घामाघूम होत नाही ते काम करत नाही. मी म्हटलं, न जळलेलं डिझेल म्हणजे धूर. ते हसले. मग थोडे गंभीर झाले. बैलजोडी विकून गिरणी टाकली आहे, आखाजीचं दळण मिळालं तर टिकेल, नाहीतर इंजिन विकून सुरतेला गिरणकामगार व्हायचं, असं म्हणाले. त्यांच्या बायकोला, रमिलाबाईला, सुरतेचं नाव काढलेलं खपत नाही.
मी सांगितलं, काळजी करू नका, मी लक्ष घातलं आहे. त्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गहिवरली असावीत.

२६ मार्च, दुपार.
प्रयोग पहिला. नळीच्या तोंडाला ओलं पोतं बांधलं. धूर पाच मिनिटं पूर्ण बंद. नंतर पोतं पेटलं. पोतं नीट भिजवलेलं नव्हतं. भिजवलं मीच होतं, पण रमिलाबाई सारखी घाई करत होती.

२९ मार्च.
प्रयोग दुसरा. डिझेल कमी सोडायला लावलं. धूर खरोखर कमी झाला. जात्याचा वेगही. पीठ रव्यासारखं पडलं. बायकांनी कुरकुर केली. भरड भाकरी पचनाला उत्तम, असं मी त्यांना समजावलं. ह्यांनी रात्री एकच भाकरी खाल्ली, आणि तीही दुधात बुडवून. वयाप्रमाणे आहार कमी होतोच.

२ एप्रिल.
आज युक्ती सुचली आणि आजच अमलात आणली. गुऱ्हाळातलं जुनं पिंप अर्धं पाण्याने भरून गिरणीमागे ठेवलं. डबडं काढून फेकलं. नळी वाकवून तिचं तोंड पाण्यात बुडवलं. धूर पाण्यातून जाणार, काजळी पाण्यात राहणार. साधं तत्त्व.
इंजिन सुरू. पाण्यात नुसती बुडबुड. वर थोडी पांढरी वाफ. आवाज जवळजवळ नाहीच, हा वरचा लाभ. पितांबरभाई नळीजवळ कान नेऊन उभे राहिले, जसा आजाऱ्याच्या छातीजवळ डॉक्टर नेतात. इंजिन कण्हतंय म्हणाले. मी म्हटलं, सुधारणेची सवय नाही त्याला.
पापड पांढरे. मन प्रसन्न.

५ एप्रिल.
पापड पांढरे. कुरडया पांढऱ्या. दुपारी झोप लागली, असं कित्येक दिवसांत घडलं नव्हतं.
गिरणीवर गर्दी कमी दिसते. गावाबाहेरच्या पाड्यावरच्या बाया घरी जात्यावर दळू लागल्या असतील. त्यांच्या तब्येतीला चांगलंच. ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, हं.

९ एप्रिल, संध्याकाळ.
तळोद्याच्या रस्त्यावर पाड्यावरची तुळशीबाई भेटली. डोक्यावर दळणाची पाटी. गावात नवी गिरणी असताना तळोद्याला? मी तिला रस्त्यातच उभी केली आणि गावाबद्दलच्या कर्तव्यावर बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं, पाटी सावरली आणि म्हणाली,
“गिरणी बोलनीच नही, बाई. मुकी गिरणीकडे डोकावर पाटी लिसनी कोन यी?”
म्हणजे या बाया इतके दिवस कुक कुक ऐकून घराबाहेर पडत होत्या. इंजिनाचा धूर आणि आवाज हीच त्यांची दवंडी. किती मागासलेली पद्धत.
उपाय लगेच केला. गिरणीवर पाटी रंगवून लावली: ‘गिरणी चालू आहे.’ पाड्यावर वाचता येणारं कोणी नाही, पण या निमित्ताने शिकतील.

१० एप्रिल.
पाटी सुबक दिसते. अजून कोणी वाचली नाही.

१२ एप्रिल.
आखाजी तोंडावर, घरात पुरणाच्या मांड्यांचं पीठ नाही. सकाळपासून खिडकीत कान देऊन बसले. गिरणीचा आवाज नाही म्हणजे नाही. पितांबरभाईंनी रुसून गिरणी बंद ठेवलेली दिसते. ऐन सणाच्या तोंडावर. अशा माणसाचा धंदा कसा चालणार? ग्राहक मुकाट बसत नाही, दुसरीकडे जातो, हे त्यांना कळायलाच हवं. आमच्या गड्याला, बाज्याला, गाडी जुंपायला लावली आणि आपला गहू तळोद्याला धाडला. शिस्त म्हणजे शिस्त.

१३ एप्रिल.
सकाळी पितांबरभाई आले. ओसरीच्या पायरीवर बसले. चहा घेतला नाही.
“भाभी, काल तळोदाले गयी ती गाडी आपलीच व्हती ना?”
मी सांगितलं, गिरणी बंद असल्यावर दुसरं काय करणार. ते म्हणाले, गिरणी पहाटेपासून चालू होती. ते एकटेच तिच्याजवळ बसले होते. बाज्याची गाडी त्यांनी दारातूनच पाहिली.
मी विचारलं, चालू होती याची खात्री आहे ना?
मला परवापासून सर्दी आहे. कानांना दडे बसल्यासारखं झालं आहे. ही गोष्ट शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाची आहे.
जाताना म्हणाले, उद्या तळोद्याचा एक माणूस इंजिन बघायला येणार आहे. भिंतीपलीकडून रमिलाबाईचं नाक ओढणं ऐकू आलं. कान तेवढे चालतात.

१४ एप्रिल.
प्रयोग यशस्वी झाला की तो थांबवायचा असतो. पहाटे मीच गिरणीमागे गेले. पिंप लाथेने बाजूला सारलं. नळी सरळ करायला लावली. जुनं डबडं काही सापडेना, म्हणून घरातला तेलाचा रिकामा डबा कापून दिला. पितांबरभाईंनी हँडल मारलं.
कुक. कुक. कुक कुक कुक.
नवा डबा जुन्यापेक्षा मोठा निघाला. आवाज नदीपलीकडे गेला असेल. घटकाभरात पाट्या घेऊन बाया येऊ लागल्या. तुळशीबाई पुढे, मागे सगळा पाडा. दुपारी इंजिन बघणारा माणूस आला तेव्हा त्याला दारातून आत शिरता येईना. थोडा वेळ उन्हात उभा राहिला आणि परत गेला. रमिलाबाईने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. नंतर मला आणून दिलं.
रंगवलेली पाटी मात्र मी काढू दिली नाही. गर्दी तिच्यामुळेच झाली असं मानायला जागा आहे.

आखाजी, संध्याकाळ.
झोक्यांवर पोरी गात आहेत आणि गिरणी अजून चालू आहे; लोकांचं दळण संपत नाही. मांडे धाब्यावर केले, उघड्यावर. मऊ, मोठे, उत्तम. प्रत्येकावर बारीक काळे ठिपके.
पाहुण्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीळ.
पितांबरभाईंनी तीन मांडे खाल्ले आणि आणखी तीळ आहेत का, असं विचारलं.